फुंकर

मराठी भाषेत फुंकण्याचे किती प्रकार आहेत, हे एकदा वहीत मांडून पाहण्यासारखे आहे. विडी फुंकतात, शंख फुंकतात, चूल फुंकतात, बापाने मिळवलेला पैसाही फुंकतात. या साऱ्या फुंकण्यात एकच प्रकार असा आहे, की त्याला आपण फुंकणे म्हणत नाही, फुंकर म्हणतो. पोराचा गुडघा फुटला, की आई त्यावर घालते ती. शंख सोडला, तर यातले बहुतेक प्रकार माझे करून झाले आहेत. विडीपासून आरंभ करून मी सिगारेटीपर्यंत बढती मिळवली आणि पगाराचा बराचसा भाग धुरावाटे आभाळाला अर्पण केला. परंतु गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, मला जे फुंकावे लागले ते या यादीत कुठेच बसत नाही. त्याचीच ही हकीकत.

मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. शिक्षण मॅट्रिक. दिवसा सोलापुरातल्या एका शाळेत मुलांना कर्ता, कर्म, क्रियापद शिकवतो आणि रात्री घर निजल्यावर लिहायला बसतो. विशीत असताना कुणीतरी सांगितले, की लेखक सिगारेट ओढतात. लेखक होण्यातला तेवढाच भाग सोपा वाटल्यामुळे तो मी आधी उरकून घेतला. पुढे मी स्वतःला सांगू लागलो, की सिगारेटीशिवाय मला वाक्य सुचत नाही. आज वाटते, माझी सर्वांत यशस्वी कादंबरी हीच. तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या वीस वर्षे निघत राहिल्या. बाकीच्या कादंबऱ्यांची पहिलीच आवृत्ती अजून प्रकाशकाच्या गोदामात आहे.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही, असा २००३ सालचा कायदा आहे. आमच्या फाटकावर तसा फलकही लावलेला आहे. त्या फलकापासून टपरीपर्यंत किती पावले होतात, हे मला तोंडपाठ होते. दर वर्षी मुलांकडून तंबाखूला न शिवण्याची शपथ घ्यायची असते. माझा आवाज खणखणीत, म्हणून ती सांगण्याचे काम माझ्याकडे. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आया घरी विड्या वळतात. त्या मुलांच्या दप्तरांना तंबाखूचा वास येतो. तो मास्तरांच्या सदऱ्यालाही येतो, हे ती मुले ओळखून असणार. पण मुले मास्तरांपेक्षा समंजस असतात; बोलत नाहीत.

गेल्या वर्षी श्रावणात थोरल्याने माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप घातले. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी अशी ॲपे असतात. त्याने मला आधी दोन प्रश्न विचारले : दिवसाला किती ओढता, आणि एक केवढ्याला पडते? मी ‘बारा’ असे उत्तर दिले. खरे तर ती बेरीज मी त्यापूर्वी कधी केलीच नव्हती. मग ॲप मोजू लागले. इतके तास झाले, इतक्या सिगारेटी टळल्या, इतके रुपये वाचले. ओढ अनावर झाली, की त्यातली एक कळ दाबायची. मग ते सांगे, घोटभर पाणी प्या, चार पावले चाला, ही लाट काही मिनिटांत ओसरते. सांगणे खोटे नव्हते. लाट ओसरत असे. फक्त तिच्यामागे दुसरी उभी असे.

आमच्या धाकटीला या आकड्यांचे मोठे वेड. ती रोज सकाळी माझा फोन उघडी आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे तिची आई दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनात लिही : ‘दूध १ लिटर. बाबा ९.’ दुसऱ्या दिवशी ‘बाबा १०’. आयुष्यात इतक्या नेमाने माझी हजेरी कुणी मांडली नव्हती.

अठराव्या दिवशी सायंकाळी मी एक सिगारेट ओढली. कारण सांगण्यासारखे नाही. त्या दिवशी मला ते सांगण्यासारखे वाटले होते, एवढेच. त्या ॲपमध्ये यासाठीही एक कळ होती. ती दाबली, की आकडा पुन्हा शून्यावर येतो. मी अंगठा कळीपर्यंत नेला. उद्याचा चौकोन डोळ्यांपुढे आला आणि अंगठा मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘बाबा १९’ असे लिहिले गेले. पहिले खोटे जड जाते. पुढची त्याच्या खांद्यावर बसून येतात. फोनमधला मास्तर दिवसेंदिवस पुण्यवान होत चालला आणि खिशातला मास्तर रोज टपरीमागे चार-पाच ओढून, वेलदोडे चघळत घरी येऊ लागला.

असा मी एकसष्टाव्या दिवसापर्यंत पोचलो आणि दिवाळी आली.

दिवाळीला आम्ही सारे गावी जमतो. गाव बार्शी तालुक्यात. आई तिथेच असते. गेल्या वर्षी बहिणीबरोबर तिची लेकही आली होती. ही माझी भाची इंग्लंडात लेस्टर येथे परिचारिका आहे. भाऊबीजेचे जेवण झाले, पाने उचलली गेली, ओसरीवर सुपारी कातरणे चालले होते, तेव्हा तिने पिशवीतून आगपेटीएवढे एक यंत्र काढले, तारेने फोनला जोडले आणि म्हणाली, “चला, कुणाच्या पोटात किती धूर आहे ते बघू या.”

तिच्या त्या देशात गरोदर बाई दवाखान्यात पहिल्यांदा नाव घालायला गेली, की तिला अशा यंत्रात फुंकायला सांगतात म्हणे. दोष द्यायला नव्हे. बाळाच्या वाट्याला धूर येतो की काय, ते कळावे म्हणून. कधी बाई सिगारेट ओढत नसते आणि तरीही आकडा वर जातो. मग घरातली गॅसची शेगडी किंवा पाणी तापवायचे यंत्र बिघडले आहे की काय, ते पाहायला सांगतात. करायचे इतकेच : छाती भरून श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखून धरायचा आणि मग यंत्राच्या नळीत सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत सोडायचा. श्वासातल्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइड या वायूचे किती भाग आहेत, तो आकडा फोनवर उमटतो. धूम्रपान न करणाऱ्याचा आकडा बहुधा सहाच्या आत असतो.

मुलांना खेळच मिळाला. कुणाचा १, कुणाचा २. धाकटीचा २. आमच्या हिचा ३. मग पोरांनी आजीला धरून आणले. आई पदर खोचून बसली. फोन पंधरापासून उलटे आकडे मोजत होता, पोरे त्याच्याबरोबर ओरडत होती, आणि गाल फुगवून बसलेली माझी म्हातारी आई गंभीरपणे श्वास रोखून होती. तिने फुंकले. आकडा आला ११.

“आजी विडी ओढते! आजी चोरून विडी ओढते!” पोरांनी ओसरी डोक्यावर घेतली. मोठी माणसेही हसू लागली. भाची घाईघाईने सांगू लागली, की अगं, आजी पहाटेपासून पाहुण्यांच्या स्वयंपाकाला चुलीपुढे आहे, हा चुलीचा धूर आहे, सिगारेटीच्या धुरात जो वायू असतो तोच लाकडाच्या धुरातही असतो. पण हसू हे खुलाशासाठी थांबत नाही. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मात्र हसता हसता ती त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती, ते मला दिसले. जन्मात कशाला शिवली नाही अशी बाई. तिला तो आकडा लागला होता.

आणि हसणाऱ्यांत मी होतो. मला वाटते, इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच हसत होतो.

“आता मामा, तुम्ही.”

नाही म्हणावे, तर एकसष्ट दिवस उघडे पडतात. मी यंत्र हातात घेतले. श्वास रोखून धरायचे ते पंधरा सेकंद माझ्या आयुष्यातले फार लांब सेकंद असतील. सकाळीच मी विहिरीवर जाऊन दोन ओढून आलो होतो. फुंकले. भाचीने आकडा पाहिला, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि फोन मांडीवर पालथा घालून म्हणाली, “बॅटरी गेली वाटतं.”

“बाबांचा शून्यच आला असता!” धाकटी म्हणाली.

संध्याकाळी ओट्यावर दोघेच होतो, तेव्हा भाचीने आकडा सांगितला : १७. रागावली नाही. शिकवावे तसे सांगत राहिली. हिमोग्लोबिन ही रक्तातली एस.टी., तिच्यात बसून प्राणवायू शरीरभर जातो, इतके मॅट्रिकच्या पुस्तकात होते. पुढचे तिने सांगितले. या दुसऱ्या वायूची हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढ असते. म्हणजे बिनतिकिटाचा उतारू आधी जागा धरून बसतो आणि तिकीट काढलेला फलाटावर उभा राहतो. हृदय बिचारे त्याच प्रवाशांसाठी जादा गाड्या सोडत बसते. “पण मामा,” ती म्हणाली, “सिगारेट थांबवली, की चार-पाच तासांत यातला निम्मा वायू जातो. एक-दोन दिवसांत तर बहुतेक सगळाच जातो. शरीर फार लवकर माफ करतं.”

शरीराच्या माफीने माझे भागणार नव्हते. मी उठून आत गेलो. आई चुलीपुढे बसून फुंकणीने निखारा फुलवत होती. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती. पण ती चहापुरती. सिलिंडर परवडत नाही आणि भाकरीला चुलीवाचून चव नाही, अशी दोन कारणे ती सांगे. त्यातले खरे पहिले, हे मला माहीत होते. त्याच चुलीतल्या निखाऱ्यावर मी कित्येकदा सिगारेट पेटवली होती. तिच्या शेजारी बसून, गप्पा मारत.

मी म्हणालो, “आई, मघाशी पोरं तुला हसली. माझा आकडा तुझ्यापेक्षा मोठा होता. मी सोडलेली नाही. सगळ्यांशी खोटं बोललो.”

तिने फुंकणी बाजूला ठेवली. “ते मला ठावं हाय,” ती म्हणाली. “तुझ्या सदऱ्याचा वास मला येत न्हाई व्हय?” मग थोडा वेळ काही बोलली नाही. आणि मग म्हणाली, “माझी चूल मला सोडता येत न्हाई. तुझी तर खिशात हाय. काढून टाक की.”

यावर कादंबरीकाराला उत्तर सुचले नाही. खिशातले पाकीट त्याच चुलीत टाकणार होतो, पण आई म्हणाली, “हितं नगं. पुन्हा धूरच हुईल.”

दुसऱ्या दिवशी घरात सांगितले. आमची ही म्हणाली, “वेलदोड्यांचा डबा आठवड्याला रिकामा होतो, ते काय मला दिसत नव्हतं?” धाकटी काहीच बोलली नाही. सोलापूरला परतल्यावर कॅलेंडरवर दुधाचा हिशेब पूर्ववत सुरू झाला. ‘दूध १ लिटर.’ त्यापुढची जागा मोकळी. मी कुठल्याही समीक्षकाला इतका घाबरलो नव्हतो, जितका त्या मोकळ्या जागेला घाबरलो.

भाचीने जाताना यंत्र माझ्यापाशी ठेवले आणि डॉक्टरांना भेटण्याचे वचन घेतले. डॉक्टर समजूतदार भेटले. ते म्हणाले, गळ वेगळा आणि जखम वेगळी. निकोटीन हा गळ. तो तुम्हाला ओढतो. विषारी असतो तो धूर. तुमचे यंत्र त्या धुराचा एक वायू मोजते. नुसते मोजल्याने व्यसन सुटत नाही. त्याला औषध आणि माणसांचा आधार लागतो. त्यांनी निकोटीनचे च्युइंग गम दिले. ते चण्यांसारखे चावायचे नाही, थोडे चघळून गालात धरायचे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारने २०१६ पासून एक फोन चालवला आहे, १८००-११-२३५६. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. इतकी वर्षे पाकीट उघडत होतो, पण वाचला कधी नव्हता. पहिल्या आठवड्यात दोनदा फिरवला. पलीकडचा आवाज अनोळखी होता, म्हणूनच त्याच्याशी खरे बोलता आले.

पहिले चार दिवस वाईट गेले. वर्गात एका मुलावर उगाच ओरडलो आणि नंतर त्याची क्षमा मागितली. पण संध्याकाळी फुंकावे, तर दुसऱ्या दिवशी ५ आणि तिसऱ्या दिवशी २. भाची म्हणाली ते खरे होते.

या यंत्राला मी मोठे मानतो, असे मात्र वाचकांनी समजू नये. त्याची स्मरणशक्ती अगदी तोकडी. रात्रभर न ओढता सकाळी फुंकले, तर ते बरेच फसते. त्याला तंबाखू कळत नाही, धूर कळतो. आमच्या शाळेतले एक गुरुजी दिवसभर तंबाखू-चुन्याची चिमूट ओठाखाली ठेवतात. त्यांनी फुंकले तर आकडा २! “बघा, मी निर्दोष!” असे म्हणून त्यांनी पुन्हा डबी काढली. ओठाखालचा तो तंबाखू तोंडाला काय करतो, हे सांगायला दुसरेच यंत्र लागते, आणि ते दाखवते तेव्हा उशीर झालेला असतो. उलट माझ्या निष्पाप आईला त्याने अपराध्यांच्या रांगेत बसवले होते. तेव्हा आकड्यावरून माणसाची परीक्षा करू नये. आकडा फक्त इतकेच सांगतो, की आत धूर आहे. तो कुठून आला, हे माणसानेच खरे सांगावे लागते.

फाल्गुनात माझी परीक्षा झाली. तीन वर्षे खपून लिहिलेली कादंबरी प्रकाशकाकडून ‘साभार परत’ आली. त्या दिवशी माझी पावले आपोआप टपरीकडे वळली. एक ओढली. छान लागली नाही, असे लिहिले तर मुलांच्या पाठ्यपुस्तकात शोभेल, पण लागली. घरी आलो. वेलदोडा घेतला नाही. धाकटीला हाक मारली, तिच्यासमोर बसून श्वास रोखला आणि फुंकले. ७. मग ॲप उघडून, पूर्वी जी कळ दाबता आली नव्हती ती दाबली. १२७ वरून आकडा शून्यावर आला.

तिने फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तो कॅलेंडरच्या चौकोनात लिहिले होते : ‘दूध १ लिटर. बाबा ०.’

चार महिन्यांनी तिने माझे नाव लिहिले होते. एकसष्टापर्यंतचे तिने लिहिलेले सारे आकडे मला मिळाले असते, तरी त्या शून्याइतका आनंद झाला नसता. त्यापुढच्या दिवशी १ आला, मग २.

दिवाळी अंकांचे लेख गणपतीच्या सुमारासच द्यावे लागतात. हे लिहितो आहे त्या दिवशी कॅलेंडरवर १९१ आहे. आता गम लागत नाही. यंत्र टेबलावरच असते. वाक्य अडले, की पूर्वी हात खिशाकडे जाई, तो आता तिकडे जातो. श्वास भरायचा, पंधरा सेकंद धरायचा, सावकाश सोडायचा. तेवढ्यात लाट ओसरायला लागते. वाक्य सुचतेच असे नाही. पण सिगारेटीच्या काळीही ते सुचत होतेच असे नाही.

पहिल्या आठवड्याचे वाचलेले पैसे मी ॲपच्या हिशेबावर सोडले नाहीत, डब्यात टाकले. माझ्या एका आठवड्याच्या सिगारेटींत आईचा एक सिलिंडर येतो. हा हिशेब इतका सोपा होता, की तो वीस वर्षे न येणाऱ्याला मास्तर कोणी केले, असा प्रश्न पडावा. गावी आता सिलिंडर वेळेवर जातो. संक्रांतीला यंत्र घेऊन गेलो, तेव्हा आईने गॅसवर स्वयंपाक केला होता. तिने आपणहून फुंकले. ४ आला. “ह्यो आकडा ल्हिऊन घे,” ती म्हणाली, “आन् पोरांना दाव.” चूल तिने अजून मोडलेली नाही. अमावास्या-पौर्णिमेला भाकरी तिच्यावरच होते, आणि त्या दिवशी ती यंत्राच्या वाटेला जात नाही. फुंकणी कोनाड्यात उभी आहे.

या दिवाळीत भाची यायची नाही. तिला रजा नाही. आम्ही मात्र गावी जाऊ. तिन्हीसांजेला ओसरीवर पणत्या मांडल्या, की त्या लावायचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. गेली कित्येक वर्षे पणती लावून झाल्यावर त्याच काडीवर मी सिगारेट पेटवत असे. यंदाही काडी पेटवीन, पणती लावीन, आणि काडी हलकेच विझवीन. मला फुंकायला आता तेवढेच उरले आहे.